वरच्याचा कॉम्प्युटर

वरचा चिडला की भांडत नसे, पान्हे पुसत बसे. त्या महिन्यात त्याने घरातले पान्हे इतके लखलखीत केले की बायको म्हणाली, "अहो, आता आरसा काढून टाकूया का भिंतीवरचा?" वरच्याला हसू आलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर मध्येच अडकत होता आणि कशाने अडकतो ते काही केल्या सापडत नव्हतं.

वरचा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोठी इमारत बांधताना शेजारी तिच्याहून उंच क्रेन उभी असते ना, तिच्या मानेपाशी कपाटाएवढी एक काचेची खोली असते. त्या खोलीत बसून हा माणूस बावीस वर्षं लोखंड, सिमेंट, पत्रे, काचा वर चढवत आणि खाली उतरवत होता. सकाळी शिडीने चढायचं ते संध्याकाळीच उतरायचं. आणि जमिनीवर उभा राहून भाराला साखळ्या अडकवणारा, वॉकीटॉकीवर "अजून खाली, अजून, बास" असं सांगणारा त्याचा जोडीदार होता, तो अर्थातच खालचा. दोघांची खरी नावं कंपनीच्या हजेरीपटाखेरीज कुठे उरली नव्हती. "वरच्याच्या मनात असेल तेव्हा मिळेल सिमेंट," असं गवंडी आकाशाकडे हात जोडून म्हणत आणि फिदीफिदी हसत.

बावीस वर्षांत वरच्याच्या हातून एक वीटसुद्धा पडली नव्हती. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याचा त्याने कधी प्रयत्नही केला नाही. एखाद्या नव्या ऑपरेटरने भार भिंतीला घासला की जेवणाच्या सुट्टीत वरचा त्याला असा सोलून काढी की त्या बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. माणूस तुसडा होता, हे कबूल करायला हवं. पण खालचा म्हणे, "त्याने वर भार धरला की मी खाली डोळे मिटून उभा राहीन." आणि खालचा काही भाबडा नव्हता.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर शिरला तो परीक्षेमुळे. कंपनीने नवी क्रेन घ्यायचं ठरवलं आणि सगळ्या ऑपरेटरांना फर्मान काढलं: पडद्यावर परीक्षा द्या. एक प्रोग्राम दिला, क्रेन चालवतात तसे दोन दांडे दिले. दांडे कॉम्प्युटरला जोडायचे, की पडद्यावर हुबेहूब काचेच्या खोलीतून दिसतं तसं दिसे. पंधरा भार उचलायचे आणि एकही न आपटता जागेवर ठेवायचे. जो पास होईल तो नव्या क्रेनवर बसेल. नापास होईल तो गोदामात जाईल, पाइप मोजायला. वरचा चोपन्न वर्षांचा. गोदामाचं तो नावही काढू देत नसे. तिथे खिडक्या नव्हत्या, आणि तिथे गेलेला कुणी परत वर चढलेला त्याने पाहिला नव्हता.

बाकीच्यांनी दुकानातून तयार कॉम्प्युटर आणले. वरच्याने सुटे भाग आणले. "जे मी उभं केलं नाही, त्यावर मी बसत नाही," तो म्हणाला. त्यातही तथ्य होतं. क्रेन उभी करताना प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात. पुढे रेघ सरकलेली दिसली की समजायचं, बोल्ट ढिला झाला. वरच्याने कॉम्प्युटरच्या एकूण एक स्क्रूवर तशीच रेघ मारली, बायकोच्या लाल नेलपॉलिशने. अर्धी बाटली संपवली. बायको बेकरीत काउंटरवर उभी राहणारी, हातांची हौस असलेली बाई. तिने दोन दिवस अबोला धरला, आणि वरच्याला तो तिसऱ्या दिवशी कळला.

चार दिवसांत कॉम्प्युटर अडकायला लागला. भार अधांतरी, चित्र थिजलेलं, आतला पंखा सुरू, आणि दांडे कितीही हलवा, काही नाही. बटण दाबून बंद करावा तेव्हा सुटका. कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी. वरच्याने बायकोच्या धाकट्या भावाला बोलावलं. हा मेहुणा एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचा.

मेहुण्याने बाजूचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागला. "भावोजी, हा कॉम्प्युटर आहे की ट्रकवर बांधलेलं सामान?"

आतल्या सगळ्या वायरी वरच्याने दोऱ्याने करकचून बांधल्या होत्या, भार बांधतात तशा, तिहेरी गाठ मारून. जराही हलता कामा नये हा त्याचा धर्म. त्या ताणाने मदरबोर्डला वीज पुरवणारा मुख्य प्लग एका बाजूने उचलला गेला होता. पंख्याच्या थरथरीने त्याचा संपर्क मध्येच तुटे. मेहुण्याने गाठी कापल्या आणि प्लग दाबून बसवला. "वायरींना जरा झोल लागतो भावोजी. सगळ्या जगाला तुम्ही साखळी घालणार का?"

वरचा खजील झाला. कान पकडून त्याने चूक कबूल केली, आणि त्याच्या बाबतीत हे वर्षातून एकदा घडे. कॉम्प्युटर पाच दिवस ठणठणीत चालला.

सहाव्या दिवशी पुन्हा अडकला, पण आता तऱ्हा वेगळी होती. बटण दाबावं लागत नसे, आपोआप सुटे. व्हायचं असं, की भार इमारतीच्या कडेशी असे, वरचा तो अलगद आत घेत असे, आणि पुढच्या क्षणी भार भलतीकडेच, पडद्यावर लाल पट्टी, तिच्यात लिहिलेलं: अपघात. मधलं काहीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ एखाद मिनिट पुढे गेलेलं. वरच्याने सरळ अर्थ लावला: यंत्र मध्ये झोपतं, तेवढा वेळ दांडे त्याला कळत नाहीत, मग दचकून जागं होतं आणि साचलेला सगळा वेळ एका दमात पळवतं. मेहुणाही म्हणाला, "होतं असं. आधी बटणाने सुटत होता, आता आपोआप सुटतोय. म्हणजे आजार अर्धा गेला, अर्धा राहिला."

मग शोध सुरू झाला. वरच्याने वही घातली. क्रेनवर तो रोज नोंदी ठेवी तशाच इथे ठेवल्या: मंगळवार. सहा वाजून चाळीस. भार क्रमांक नऊ. गेलेला वेळ सुमारे एक मिनिट. वारा नाही.

"भावोजी, बाहेरच्या खोलीत वारा कसला लिहिता?"

"खिडकी उघडी होती," वरचा म्हणाला.

शोधायची रीत मेहुण्याने शिकवली आणि वरच्याला ती मनापासून पटली. एका वेळी एकच भाग बदलायचा. बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. जो बदलल्यावर आजार जाईल, तो भाग चोर. त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पाहिली, मग दुसरी. वीज पुरवणारा डबा मेहुण्याने कचेरीतून उसना आणला. डिस्क नवी घातली, सगळे प्रोग्राम नव्याने भरले. ग्राफिक कार्ड बदललं. उष्णता मोजली, थंडगार. कंपनीला सांगून दांडे बदलून घेतले. वहीतल्या नोंदी मात्र वाढतच गेल्या. आठवड्यातून तीन, मग चार.

या दिवसांत वरच्याची झोप उडाली. उडणारच. परीक्षा येत्या गुरुवारी होती. बाकी सगळ्या भारांत तो पहिला येई. त्याच्याइतका अलगद भार ठेवणारा पडद्यावरही कुणी नव्हता. पण दर दोन-तीन सरावांमागे एकदा ते मधलं मिनिट त्याला खाऊन टाकी. त्याला वाटे, परीक्षेच्या दिवशी कंपनीचा कॉम्प्युटर चांगला असेल, तिथे असं होणार नाही. आणि लगेच वाटे, तिथेही झालं तर? साहेब म्हणतील, वय झालं. घरी तो सगळ्यांवर खेकसू लागला. बायको काही विचारी, हा उत्तर देत नसे. ती पुन्हा विचारी, आणि मग हाच ओरडे, "ऐकलं! बहिरा नाही मी!" तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने उत्तर न देणं ही काही बातमी नव्हे. तिने ते मनावर घेतलं नाही.

शेवटी मेहुणा कॉम्प्युटर उचलून आपल्या घरी घेऊन गेला. दिवसभर तोच प्रोग्राम चालवला, स्वतः दांडे धरून बसला, दोनशे भार आपटले म्हणे. पण अडकला एकदाही नाही. संध्याकाळी परत आणताना दारातूनच म्हणाला, "ताई, तुझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटर माहेरी धडधाकट आणि सासरी आजारी!"

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. वरच्याने मात्र त्यातून निष्कर्ष काढला: दोष घराच्या विजेत आहे. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, भिंतीतला प्लग खोलून बघितला, यंत्र लावून मोजमाप घेतलं. "साहेब, तुमची वीज माझ्या घरच्यापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. त्याच संध्याकाळी सातव्या भाराला कॉम्प्युटर पुन्हा अडकला.

मेहुण्याने हात टेकले. फोनवर तो म्हणाला, "आता एकच करा. आमच्या कचेरीत लोक येतात, म्हणतात आपोआप झालं, आम्ही काही केलं नाही. आम्ही म्हणतो, दाखवा. मोबाईल बाजूला उभा करा आणि सगळं शूट करा. पडदा दिसू दे, तुमचे हात दिसू देत, भिंतीवरचं घड्याळ दिसू दे. अडकला की लगेच मला पाठवा. मी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीलाच दाखवतो."

तो रविवार होता. बेकरीला सुट्टी नव्हती, पण बायकोची पाळी दुपारची होती. वरच्याने सकाळीच अंघोळ उरकली, फळीवरच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केला, चौकटीत काय काय येतं ते दोनदा तपासलं आणि खुर्चीवर बसला. पहिला भार गेला, दुसरा गेला. दहा भार इतके सुरेख गेले की तो वैतागला. नेमका आज अडकणार नाही, असं त्याला वाटायला लागलं. दुखणं डॉक्टरसमोर पळून जातं तसं.

अकराव्याला अडकला.

वरचा खुर्चीतून उठून ओरडला. आनंदाने ओरडला! "सापडला! सापडला रे!" इतक्या दिवसांत यंत्राला त्याने असं रंगेहाथ पकडलं नव्हतं. पडद्यावर लाल पट्टी होती, अपघात लिहिलेलं होतं, आणि त्याला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. त्याने मोबाईल घेतला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि चित्रफीत मागे नेऊन बघायला लागला. मेहुण्याला पाठवायच्या आधी आपण एकदा डोळे भरून बघावं, एवढाच विचार.

मोबाईलवर तो स्वतः दिसला, बाजूने. दहावा भार ठेवला. अकरावा उचलला. पडद्यावर एक छोटा झेंडा असतो वारा दाखवायला, तो फडफडत होता. भार इमारतीकडे सरकत होता.

मग मोबाईलमधला वरचा थांबला.

झेंडा फडफडतच होता. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ या भाराचे सेकंद मोजत पुढे जात होतं, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत फिरत होता. भारही सरकत होता, संथपणे, जराही न अडखळता. कॉम्प्युटर कुठेच अडकला नव्हता. खुर्चीतला माणूस तेवढा दगडासारखा बसला होता. डोळे उघडे, पण ते कशाकडेच बघत नव्हते. डावा हात दांड्यावरून निघून शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता, आणि जबडा हलत होता, तोंडात काही नसताना.

वरच्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. त्याला कळेना हा कोण आहे. शर्ट त्याचा होता, टक्कल त्याचं होतं.

मोबाईलमधून कर्कश आवाज यायला लागला. भार हद्दीबाहेर गेला की प्रोग्राम भोंगा वाजवतो. असा भोंगा असतो हे वरच्याला माहीत होतं. पण तो आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, याच खोलीत, कानापासून दोन हातांवर वाजला होता हे त्याला माहीत नव्हतं. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. पडद्यावर पिवळ्या टोप्या घातलेली छोटी माणसं होती, चित्रातली. भार त्यांच्यावर उतरत गेला.

तेवढ्यात चौकटीत बायको आली. हातात कप होता. तिने तो त्याच्या कोपराशी ठेवला आणि म्हणाली, "अहो, येताना काय काय आणू? यादी देता का?" उत्तर आलं नाही. ती क्षणभर थांबली. पडद्याकडे पाहिलं, भोंग्याने कपाळाला आठी घातली. "बरं. नका बोलू," म्हणाली आणि निघून गेली.

वरच्याने मान वळवली. टेबलावर, कोपराच्या जागी, कप होता. चहावर साय धरली होती.

चित्रफितीत आणखी बारा सेकंद तसेच गेले. मग खुर्चीतल्या माणसाने पापण्या मिटल्या, उघडल्या, पडद्याकडे बघितलं आणि उठून ओरडला, "सापडला! सापडला रे!" आणि थेट मोबाईलकडे वळून हसला.

ते हसू वरच्याला बघवेना.

त्याने चित्रफीत पुन्हा बघितली, मग आणखी एकदा. पहिल्यांदा वाटलं, मोबाईलमध्येच काहीतरी बिघाड असेल. माणसाचं मन किती बेरकी असतं बघा, बुडताना काडीला धरतं. पण घड्याळाचा काटा फिरत होता, बायको चालत आली होती, चहा टेबलावर होता. आणि एका वेळी एकच भाग बदलायची ती रीत त्यालाच तर इतकी पटली होती. रॅम बदलली, डिस्क बदलली, कार्ड बदललं, दांडे बदलले, वीज बदलली. मेहुण्याच्या घरी कॉम्प्युटर अडकला नाही, कारण तिथे दांडे मेहुण्याच्या हातात होते. न बदललेली एकच गोष्ट राहिली होती, आणि ती आत्ता खिडकीपाशी बसून मोबाईल बघत होती.

पण खरा धक्का त्याला तिसऱ्यांदा बघताना बसला. तोपर्यंत तो स्वतःच्या चेहऱ्याकडेच बघत होता. आता त्याने उजव्या हाताकडे बघितलं.

क्रेनच्या दांड्याला एक सोय असते. तो धरून ढकलत ठेवला तरच क्रेन हलते. हात सुटला की दांडा आपोआप मध्यावर येतो आणि भार जागच्या जागी थांबतो. वर बसलेल्या माणसाला चक्कर येवो, काहीही होवो, हात ढिला पडणार आणि भार थांबणार. या एका सोयीवर सगळ्यांचा विश्वास असतो. वरच्याचाही होता, किती नव्या ऑपरेटरांना त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं की मी वर मेलो तरी खालच्याच्या केसाला धक्का लागणार नाही.

मोबाईलमधल्या माणसाचा उजवा हात ढिला पडला नव्हता. बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत त्याने दांडा आवळला होता आणि पुढे ढकलून धरला होता, सबंध एक मिनिट दहा सेकंद.

"अगं," वरचा म्हणाला. "अगं, इकडे ये जरा."

बायको पदराला हात पुसत आली. त्याचा चेहरा बघून तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावला.

"तू आत्ता इथे आली होतीस?"

"चहा ठेवून गेले ना. विचारलं तुम्हाला, यादी देता का. तुम्ही तोंडातून शब्द काढाल तर शपथ."

"असं... असं मी किती दिवस करतोय?"

"काय करताय?"

त्याने चित्रफीत लावून मोबाईल तिच्या हातात दिला. ती उभ्या उभ्या बघायला लागली, मग हळूच खुर्चीच्या हातावर टेकली. भोंगा वाजला तेव्हा तिने तोंडावर हात घेतला.

"मला वाटायचं तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता," ती म्हणाली. "दोन महिने झाले असतील. जेवतानासुद्धा... मी एकदा रागाने ताट उचलून नेलं होतं तुमच्यासमोरून. तुम्ही नंतर विचारलंत, आज जेवण नाही का." तिने मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "मी रागावले हो तुमच्यावर. मी रागावत राहिले."

वरचा उठला आणि बसला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. काचांची मोठी तावदानं सव्विसाव्या मजल्यावर चढवायची होती, एकेक तावदान माणसाच्या दुप्पट उंचीचं. कंपनीला सांगितलं की संपलं. नवी क्रेन गेली, जुनीही गेली, काचेची खोली गेली. आणि कुणाला काही कळायचंही नव्हतं. बोलायचं नाही म्हटलं तर मोबाईलमधलं पुसून टाकायला एक बोट पुरेसं होतं. हा विचार त्याच्या मनात आला, हे त्याने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून इथे लिहिलं. एवढ्या गर्विष्ठ माणसाच्या मनात तो आला नसता तरच नवल.

पण त्याला तो उजवा हात दिसत होता. त्याने खालच्याला फोन लावला.

"बोल," खालचा म्हणाला. "रविवारी बरी आठवण काढलीस."

"उद्या मी वर चढणार नाही."

"का रे? परीक्षेच्या आधी रजा टाकतोस की काय?"

"उद्या नाही, परवा नाही. कधीच नाही. आणि मी सकाळी गेटवर आलोच, तर मला आत सोडू नकोस. मारामारी झाली तरी चालेल."

खालचा हसला, पण अर्ध्यावर थांबला. वरच्याने सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, मोबाईल, भोंगा, चहा, हात. फोन कटला की काय म्हणून वरच्याने कानापासून काढून बघितला.

"ऐकतोयस ना?"

"ते वॉकीटॉकी," खालचा म्हणाला.

"काय?"

"मागच्या महिन्यात. पत्र्यांचा गठ्ठा उतरवत होतास. मी 'बास' म्हटलं आणि तू थांबला नाहीस, येतच राहिलास. मी घसा फोडून ओरडत होतो. मग थांबलास, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. मी विचारलं, काय झालं रे? तू म्हणालास, काही ऐकूच आलं नाही, तुझा वॉकीटॉकी बिघडलाय."

वरच्याला एवढं आठवत होतं. बिघडलेल्या वॉकीटॉकीवरून त्याने स्टोअरवाल्याला झापलंही होतं.

"मी नवा आणला," खालचा म्हणाला. "पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तोही बदलला. गेल्या बुधवारी तिसरा बदलला. तुझं काही चुकत असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही रे. बावीस वर्षं... मी वॉकीटॉकी बदलत बसलो."

तीन वेळा. पडद्यावरची पिवळ्या टोप्यांची माणसं खोटी होती. हे तीन भार खरे होते.

"खाली माणसं होती?" त्याने विचारलं.

"गठ्ठा येतच राहिला तेव्हा सगळ्यांना बाजूला पिटाळलं मी. तिन्ही वेळा. कुणाला काही झालं नाही."

"आणि तू? तू बाजूला झालास ना?"

"मी कशाला होतोय बाजूला?" खालचा म्हणाला. "वर तू होतास ना."

वरच्याच्या हातातून मोबाईल गळून पडला. तो दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. बायकोने वाकून मोबाईल उचलला. पलीकडून खालचा हाका मारत होता.

"भाऊजी, मी बोलतेय," ती म्हणाली. "साहेबांना तुम्हीच फोन करा. यांच्या जागी उद्या दुसरा माणूस बसवा म्हणावं. आणि तुम्ही इकडे निघून या. यांना डॉक्टरांकडे न्यायचंय, मला एकटीला धीर होत नाहीये."